जुन्या यांत्रिक नौकेची खरेदी आणि दूषित इंधन
कसाल येथून मालवणकडे जाणाऱ्या मार्गाच्या टोकाशी मासेमारीचा किनारा आहे. तेथे जुनी नौका घेताना लाकूड व इंजिन यांच्याइतकेच टाकीतील डिझेलही पारखणे आवश्यक ठरते. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते. डिझेलचे वजन लिटरला सुमारे ०.८३ किलो असल्याने हे पाणी तळाशी साचते आणि दोन थरांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढून गाळ तयार होतो. समुद्र खवळताच गाळ ढवळून फिल्टर तुंबतो. इंजिन नेमके संकटसमयी बंद पडते. म्हणून व्यवहारापूर्वी तळातील नमुना पारदर्शक बाटलीत स्थिर ठेवून तपासावा. दोष आढळल्यास टाकी रिकामी करून स्वच्छ करणे, वाळवणे व फिल्टर बदलणे हाच उपाय होय. केवळ नवे डिझेल ओतल्याने तो दूर होत नाही.