पनवेलच्या पिनकोडाचे वर्ग

मागच्या दिवाळीत शुभेच्छापत्रांवर पत्ते घालता घालता मी शेजारच्या आठवीतल्या मुलीला एक कोडं घातलं. आपल्या पनवेलचा पिनकोड ४१०२०६. ही संख्या दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेत मांडून दाखव. जसे २५ म्हणजे १६ आणि ९. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. कोडं घालणाऱ्यानं असं करू नये, पण जिभेवर आलं ते विचारून बसलो.

तिनं सरळ वाट धरली. ६४० चा वर्ग ४०९६००. तो वजा केला की ६०६ उरतात आणि ६०६ हा कुणाचाच वर्ग नाही. मग ६३९, मग ६३८. दोहोंतला मोठा वर्ग ४५३ च्या वर्गाहून लहान असू शकत नाही, म्हणजे सगळ्या मिळून १८८ वजाबाक्या. तिसेक झाल्यावर ती वही घेऊन आली. "काका, सापडतच नाही. माझं काही चुकतंय का?"

चूक तिची नव्हती, माझी होती. 'सापडत नाही' आणि 'नाहीच' या दोन गोष्टींमधलं अंतर मी तिला आधी सांगायला हवं होतं. शोधून न सापडणं हा पुरावा नव्हे. पुरावा वेगळा द्यावा लागतो, आणि इथे तो तीन ओळींत देता येतो.

कुठल्याही विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागा, बाकी १ च उरते. ९, २५, ४९, ८१ करून पाहा. कारण साधं आहे: विषम संख्येच्या वर्गातून १ काढला की ज्या दोन संख्यांचा गुणाकार उरतो त्या लागोपाठच्या सम संख्या असतात (४९ मधून १ गेला की ६ गुणिले ८), आणि त्यांतल्या एकीला ४ ने भाग जातोच. सम संख्येच्या वर्गाची बाकी ० किंवा ४. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १, २, ४ किंवा ५ एवढीच येऊ शकते. ३, ६, ७ कधीच नाही. आता पिनकोड. हजाराला ८ ने भाग जातो, म्हणून शेवटचे तीन अंक पुरतात. २०६ ला ८ ने भागलं की बाकी ६. संपलं. उरलेल्या दीडशेहून अधिक वजाबाक्या करायचं कारणच नाही. गंमत म्हणजे इथल्या गाड्यांच्या पाटीवरच्या एमएच-४६ मधल्या ४६ चीही बाकी ६ च आहे.

मात्र या चाळणीतून सुटलेली प्रत्येक संख्या जमतेच असं नाही. शेजारच्या खारघरचा ४१०२१० घ्या. बाकी २, म्हणजे हरकत नाही. पण त्याच्या अवयवांत १९ एकदाच येतो, आणि ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारी मूळ संख्या अशी सम वेळा न येता विषम वेळा आली की दोन वर्ग जमत नाहीत. ज्या विषम मूळ संख्येची बाकी १ असते ती मात्र नेहमी जमते. हे फर्मानं १६४० साली पत्रातून कळवलं. सिद्धता द्यायला ऑयलर यावा लागला, सुमारे शंभर वर्षांनी.

मुलगी हिरमुसली होती. म्हटलं, तीन वर्ग चालतील का बघ. तिची दुसरीच वजाबाकी कामी आली: ६३९ चा वर्ग काढला की १८८५ उरतात, आणि १८८५ म्हणजे ५ गुणिले १३ गुणिले २९. तिन्ही जमणाऱ्या. इथे ब्रह्मगुप्ताची भावना उपयोगी पडते. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेनं गुणलं तर उत्तरही दोन वर्गांची बेरीजच. ५ म्हणजे २ आणि १ चे वर्ग, १३ म्हणजे ३ आणि २ चे. सरळ गुणाकारांची बेरीज ६ अधिक २, म्हणजे ८. तिरप्यांची वजाबाकी ४ उणे ३, म्हणजे १. झाले ६५: ६४ अधिक १. बेरजेच्या जागी वजाबाकी आणि वजाबाकीच्या जागी बेरीज केली की ४ आणि ७. त्यांच्या वर्गांची बेरीजही ६५. तशीच २९ ची, म्हणजे ५ आणि २ ची, जोड दिली की १८८५ चार तऱ्हांनी मिळते: ४३ व ६, ४२ व ११, ३८ व २१, ३४ व २७. एका पिनकोडाला चार उत्तरं!

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही या जातीचं कोडं आहे. दोन संख्या अशा शोधा की त्यांच्या वर्गांच्या बेरजेतून आणि वजाबाकीतूनही १ वजा केला तरी उरलेले दोन्ही वर्गच असावेत. बीजगणितातले पटाईतही इथे अडखळतात, असा टोमणा आचार्य मारतात, आणि वर रीतही देतात: कोणतीही संख्या घ्या, तिच्या चौथ्या घाताची आठपट करून १ मिळवा, ही पहिली, तिच्या घनाची आठपट, ही दुसरी. १ घेतला की ९ आणि ८. बेरजेतून १४४, वजाबाकीतून १६. २ घेतला की १२९ आणि ६४. तिथेही जमतं, ती बेरीज-वजाबाकी वाचकांसाठी ठेवतो.

मुलीनं वहीत पहिल्या कोड्याखाली 'नाही' लिहिलं होतं. ते खोडून तिनं 'होऊच शकत नाही, बाकी ६' असं लिहिलं आणि मावशीचा पुण्याचा पिनकोड विचारायला फोन लावला.