स्थलदर्शक नकाशे आणि कुंडलिका-आंबा खोऱ्यांतील खारभूमी

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथे त्रिकोणमितीय मापनास प्रारंभ केला. या परंपरेतील स्थलदर्शक नकाशांचे 'एका मैलास एक इंच' हे प्रमाण दशमान पद्धतीच्या स्वीकारानंतर मागे पडून १:५०,००० हे प्रमाण रूढ झाले.

जुन्या क्रमांकनानुसार पेण ४७ एफ/२ व रोहा ४७ एफ/३ या पत्रकांवर येते. कुंडलिकेचे भिऱ्याजवळील खोरे ४७ एफ/७ वर, तर रेवदंड्याचे मुख ४७ बी/१४ वर आहे. म्हणून एका नदीच्या अभ्यासासाठी अनेक पत्रके जोडावी लागतात.

सह्याद्रीच्या उतारावर समोच्च रेषा दाटीने येतात व भूरूप स्पष्ट होते. खाडीकाठी मात्र त्या जवळजवळ नाहीशा होतात. दोन रेषांमधील अंतर सामान्यतः १० किंवा २० मीटर असते. खारभूमीतील भातशेती मात्र काही मीटरांच्या आतील उंचीभेदावर अवलंबून असते. उधाणाचे पाणी अडविणारा बांध समोच्च रेषांत उमटत नाही, तो केवळ सांकेतिक चिन्हाने दर्शविला जातो.

त्यामुळे येथे रेषांपेक्षा चिन्हांचे वाचन महत्त्वाचे ठरते. जुन्या व नव्या पत्रकांवरील बांध, खाजण, मिठागरे व खाडीचे फाटे यांची तुलना केल्यास मूळ प्रवाहमार्ग लक्षात येतात. बांधास खांड पडल्यास खारे पाणी प्रथम याच सखल मार्गांनी शेतात शिरण्याचा संभव असतो. अशा तुलनेस प्रत्यक्ष क्षेत्रभेटीची जोड दिल्यास बांधदुरुस्तीचा अग्रक्रम ठरविण्यास ती निश्चितच उपयुक्त ठरेल.