तेरचा जुना बाजार आणि तेथील संग्रहालय

बाजार उठला की मागे काय राहते? पाले उतरतात. गाड्या निघून जातात. मैदानात राहतो पाचोळा, दोरीचे तुकडे, एखादे फुटके मडके. कुणाच्या माळेतला मणी गळून पडतो. कुणाचे नाणे मातीत हरवते. दुसऱ्या दिवशी त्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. पण अशाच टाकाऊ वस्तूंवरून एका फार मोठ्या बाजाराची हकिकत कळली आहे. तो बाजार आपल्या मुरुडपासून लांब नव्हता. तो तेरला भरत होता.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. ते धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. मुरुडहून ढोकीवरून तेथे जाता येते. समाधीच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. पण तेथले संग्रहालय किती जणांनी पाहिले? त्याचीच माहिती आम्ही येथे देत आहोत.

तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण पुस्तक उरले आहे. त्यात तो सांगतो की, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे. तेथून जाडेभरडे कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला येते. भडोचहून हा माल गलबतांत चढे आणि समुद्रापार जाई. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट नावाच्या विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले.

आता कापड काही दोन हजार वर्षे टिकत नाही. ते कुजून जाते. मग पुरावा कशाचा? पुरावा मातीने जपला. पावसाने टेकाडे धुपली, कुणी घरासाठी माती खणली, कुणाचा नांगर फिरला, की काहीबाही वर येई. मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, खापरे! तेरचेच राहणारे रामलिंगप्पा लामतुरे यांना या वस्तूंचे मोल कळले. त्यांनी त्या गोळा केल्या आणि जतन केल्या. पुढे १९५८ साली चापेकर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. आज तेरला लामतुरे यांच्याच नावाचे सरकारी संग्रहालय आहे.

तेथे सातवाहन राजांच्या काळची नाणी आहेत. शंखाचे व दगडाचे मणी आहेत. रोमी धाटणीचे मातीचे दिवे आहेत. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्तीही आहे. तिची गंमत ऐका. इटली देशात पाँपेई नावाचे शहर होते. ते इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. तेरची मूर्ती पुष्कळशी तिच्याच वळणाची आहे. म्हणजे आपल्याकडची कारागिरी कुठवर पोचली होती, बघा!

मग एवढा बाजार मोडला कसा? बाजार वाटेवर जगतो. वाट बदलली की बाजार हलतो. थायलंड देशात आजही हे दिसते. तेथे दाम्नोएन सादुआक येथे पाण्यावर बाजार भरतो. १८६६ ते १८६८ या काळात तेथे मोठा कालवा खणला. बाया होडीत फळे-भाजी घेऊन येत, गिऱ्हाईकही होडीतूनच येई. पुढे सडका झाल्या, मोटारी आल्या आणि होड्यांचा व्यापार कमी झाला. आता तो बाजार मुख्यतः पाहुण्यांसाठी चालतो. तिकडे कित्येक बौद्ध मठांत गावकऱ्यांनीच जुन्या वस्तू ठेवून लहान संग्रहालये केली आहेत. बाजार गेला तरी आठवण जाऊ नये, हा त्यांचा हेतू.

तेरला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. संग्रहालय उघडे आहे का, हे आधी विचारून घ्या. प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून तीन प्रश्न विचारा. ही कशाची केली? कशासाठी केली? येथे आली कोठून? एवढे विचारले की वस्तू बोलू लागते.

आणि एक गोष्ट ध्यानात धरा. अशी माती केवळ तेरलाच आहे असे नाही. तुमच्या शेतातही नांगराला गाडगे लागेल, नाणी निघतील. ती सोनाराकडे नेऊन वितळवू नका. फेरीवाल्याला चार पैशांत देऊ नका. जागा उकरू नका. तलाठ्यामार्फत किंवा स्वतः जाऊन जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर ते कळवावेच लागते. लपवले तर शिक्षा आहे. सरकारने ती वस्तू ठेवून घेतली, तर हक्कदाराला तिच्या धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा मिळण्याची तरतूदही आहे.

वितळलेले नाणे म्हणजे नुसता धातू. त्यावरचा राजा गेला, अक्षरे गेली, गावाची हकिकत गेली. आपण आता अक्षरे वाचायला शिकलो आहोत. मग आपल्या मातीत लिहून ठेवलेली अक्षरे आपल्याच हातांनी कशी पुसावी?