बोटांचे वळण आणि बदललेला कळफलक

समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी कचेरीसमोर अर्ज आणि प्रतिज्ञालेख टंकून पोट भरणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पूर्वी त्यांच्यापुढे टाइपरायटर असे, आता संगणक असतो. ‘यंत्र बदलले, त्यात काय मोठेसे? अक्षरे तीच आणि बोटेही तीच’ असे साहेबलोक सहज बोलून जातात. अक्षरे तीच आहेत हे खरे. परंतु बोटे तीच आहेत, म्हणूनच तर सारी अडचण आहे.

‘बोटांना पाठ आहे’ असे आपण म्हणतो. वास्तविक पाठांतर बोटांत नसते, मेंदूतच असते. मात्र तोंडाने सांगता येणाऱ्या माहितीहून ते निराळे असते. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. मिनिटाला सरासरी ७२ शब्द टंकणाऱ्या माणसांपुढे त्यांनी कोरा कळफलक ठेवला आणि कोणते अक्षर कोठे आहे ते भरायला सांगितले. सरासरीने जेमतेम १५ अक्षरे बरोबर भरता आली! म्हणजे, जे हात बिनचूक करीत होते ते त्यांच्या मालकाला सांगता येत नव्हते. असे ज्ञान हुकूम काढून बदलत नाही.

आता आपल्या देवनागरीकडे वळू. भारतात पूर्णपणे घडवलेला पहिला टाइपरायटर गोदरेजने १९५५ साली काढला. देवनागरी यंत्रांवर जी मांडणी रुळली तिला रेमिंग्टन पद्धत म्हणतात, आणि ती संगणकावरही वापरता येते. दुसरी मांडणी इन्स्क्रिप्ट. ती १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि १९९१ साली भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. हिच्यात स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. आणि एकदा शिकली की गुजराती, बंगाली, तमिळ या लिप्यांनाही तीच चालते. शहाणपणाची मांडणी आहे, यात आम्हांस शंका नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींनी हीच शिकावी.

परंतु वीस वर्षे रेमिंग्टनवर काढलेला टंकलेखक तिच्यापुढे बसला की काय होते? त्याला ‘सरकार’ हा शब्द टंकायचा आहे. पाचही ठोके मधल्या ओळीतले, बोटांना झोपेतही येणारे. तो न बघता टंकतो, आणि पडद्यावर उमटते ‘तर्कर’! कारण ‘स’च्या जागी आता ‘त’ आहे, ‘क’च्या जागी पाय मोडण्याची खूण आहे, आणि कान्याच्या जागी ‘क’ येऊन बसला आहे. ‘र’ तेवढा दोन्हीकडे एकाच कळेवर.

तो ‘र’ सोयीचा. पण सारखेपणा नेहमीच सोयीचा नसतो. ऱ्हस्व वेलांटीही दोन्ही मांडण्यांत एकाच कळेवर, डाव्या तर्जनीखाली आहे. वाटते, चला, एवढे तरी वाचले. पण रेमिंग्टनमध्ये वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून आधी मारावी लागते, तर इन्स्क्रिप्टमध्ये बोलण्याच्या क्रमाने अक्षर आधी आणि वेलांटी मागून. जुन्या हाताने ‘कविता’ टंकली की ‘किवता’ होते. हार्मोनियम वाजवणाऱ्याला टंकलेखन शिकताना हार्मोनियम आड येत नाही. आड येते ती जवळजवळ तशीच, पण किंचित निराळी असलेली गोष्ट.

हाताच्या जोराचेही तसेच आहे. टाइपरायटरची कळ ठोकावी लागे, कारण त्या ठोक्यानेच लोखंडी दांडी उचलली जाऊन फितीवर आपटे. आजच्या स्प्रिंगच्या कळफलकावर कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, आणि ती अर्ध्यावर गेली की अक्षर उमटून जाते. मांडीवरच्या संगणकाची कळ तर याहूनही उथळ. जुना हात तरीही तळापर्यंत ठोकतो, आणि संध्याकाळी मनगट धरून बसतो. कळेवर बोट रेंगाळले तर एकाची दहा अक्षरे होतात, तेही निराळेच.

आमच्या कामात याची दुसरी बाजू पदरी येते. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. एका कचेरीत नवा कळफलक सोमवारी आला आणि वेगाची चाचणी शुक्रवारी घेतली. ज्यांचा वेग निम्म्यावर आला त्यांना ‘कामचुकार’ असा शेरा मिळाला. त्या चार दिवसांत वेग घसरला नसता तरच नवल! जुने वळण पुसले जात नाही. नवे त्याच्या शेजारी घडवावे लागते, आणि मधल्या काळात दोन्ही एकाच बोटासाठी भांडतात. म्हणून आम्ही दोन मागण्या करतो: सरावाला पगारी वेळ द्या, आणि ज्यांची नोकरी थोडी उरली आहे त्यांच्या संगणकावर रेमिंग्टनची मांडणी राहू द्या. ती बसवायला नवे यंत्र घ्यावे लागत नाही.

ज्यांना बदलायचेच आहे त्यांनी आरंभी वेगाचा मोह सोडावा. चूक पुनःपुन्हा झाली की तिचेही वळण पडते. तेव्हा इतके सावकाश टंकावे की चूक होऊच नये. एका रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे चांगले, कारण दिवसाचा सराव झोपेत पक्का होतो. बोटांकडे पाहू नये. मांडणीचा तक्ता भिंतीवर लावून त्याकडे पाहावे. ‘र’, वेलांटी यांसारख्या घरभेद्या कळांचे शब्द निवडून आधी तेच घोटावेत. पहिले काही आठवडे जुन्या मांडणीला हात न लावता आला तर उत्तम. ती विसरेल ही भीती मात्र नको. वर्षांनंतर जुन्या यंत्रावर बसलेला माणूस पहिली ओळ चाचपडत टंकतो, आणि घंटी वाजली की त्याचा डावा हात आपोआप गाडा सरकवायला वर जातो.