पोटातील एक दुर्लक्षित दुखणे : तीव्र डायव्हर्टिक्युलायटिस

पोट दुखू लागले की ओवा-हिंग घ्यावे, फार तर एखादी वेदनाशामक गोळी घ्यावी आणि कामाला लागावे, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. बहुतेक वेळा दुखणे खरोखरच किरकोळ असते. मात्र ओटीपोटात एकाच जागी टिकून राहणारी, दाबल्यावर वाढणारी वेदना आणि तिच्या जोडीला ताप असेल, तर ‘गॅस’ म्हणून ती अंगावर काढणे महागात पडू शकते.

आजाराचे स्वरूप

मोठ्या आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या जेथून आत शिरतात, त्या जागा तुलनेने दुबळ्या असतात. वाढत्या वयात तेथील अस्तर बाहेर ढकलले जाऊन लहान लहान पिशव्या तयार होतात. या पिशव्या असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना कधीच त्रास होत नाही. एखादीस सूज आली, की तिला तीव्र डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने डाव्या बाजूस आढळतो. आशियाई लोकांत तो उजव्या बाजूसही होतो व त्यामुळे अपेंडिक्सचा भास होतो. मळमळ, भूक मंदावणे, बद्धकोष्ठता किंवा जुलाब ही अन्य लक्षणे होत.

निदान आणि उपचार

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. निश्चित निदान सीटी स्कॅनने होते. सूज मर्यादित असल्यास विश्रांती, काही दिवस द्रवरूप आहार व योग्य वेदनाशामक एवढ्यावर अनेक रुग्ण बरे होतात. पूर्वी प्रत्येकास प्रतिजैविके दिली जात. स्वीडनमधील २०१२ च्या व नेदरलँड्समधील २०१७ च्या अभ्यासांनंतर सौम्य आजारात ती सरसकट आवश्यक मानली जात नाहीत. हा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. पू साठल्यास तो सुईवाटे किंवा नळीवाटे काढावा लागतो. आतड्यास छिद्र पडून पोटभर संसर्ग पसरल्यास तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. पोट फळीसारखे कडक होणे, थंडी वाजून ताप येणे, सतत उलट्या होणे ही त्याची धोक्याची चिन्हे. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे छिद्र पडण्याचा धोका वाढतो. म्हणून त्या परस्पर घेऊ नयेत. जुलाबाचे औषध वा एनिमाही टाळावा. बरे झाल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी अनेकांना कोलोनोस्कोपीचा सल्ला दिला जातो, कारण आतड्याचा कर्करोग कधी कधी याच आजाराचे रूप घेऊन येतो. बरे वाटते म्हणून ही तपासणी टाळू नये.

एक गैरसमज

पेरू, तीळ, शेंगदाणे यांचे कण पिशवीत अडकतात, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १८ वर्षे मागोवा घेणाऱ्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाणे, मका व पॉपकॉर्न खाण्याने हा आजार वाढत असल्याचे आढळले नाही.

प्रतिबंध

ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पालेभाज्या, फळे व पुरेसे पाणी आहारात असावे. धूम्रपान, स्थूलता व बैठे जीवन यांमुळे धोका वाढतो. दिवसभर खुर्चीवर काम करणाऱ्यांनी तर नियमित चालण्याचा नेम अवश्य ठेवावा. आरोग्याच्या खात्यात रोज थोडी थोडी जमा करावी लागते. आणि शरीराने दिलेली सूचना मात्र त्याच दिवशी वाचावी, उद्यावर ढकलू नये.