मागचे पाय गेले म्हणजे कुत्रं गेलं नव्हे

"लकवा मारलाय हो त्याला. सुई देऊन मोकळं करा, नाहीतर तेल चोळा." आमच्या चिकूच्या वेळी हे वाक्य पाच जणांनी ऐकवलं. दोघं तर तेलाची बाटली घेऊनच आले. चिकू डॅशहंड. रात्री धड होता. सकाळी पोह्यांच्या वासाने स्वयंपाकघरात आला तो पुढच्या दोन पायांवर, मागचं अंग फरशीवर ओढत. त्यानंतर इंदुरात कुणाकडेही कुत्र्याचे पाय गेले की मला फोन येतो आणि पहिलं वाक्य तेच असतं.

माणसाचा लकवा बहुतेक वेळा मेंदूतला. डॅशहंड, बीगल, पेकिनीज यांच्यात अचानक पाय जातात ते बहुधा पाठीमुळे. दोन मणक्यांमधली गादी फुटते आणि आतला टणक झालेला गर मज्जारज्जूवर आदळून तिथेच दाबून बसतो. हाडांच्या नळीत दबलेल्या रज्जूपर्यंत तेल पोचणार कसं? उलट चोळताना पाठ वाकते आणि उरलेला गरही बाहेर येऊ शकतो.

आता सुईचं. पाय हलतात का, हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न, पायाला खोलवरची वेदना कळते का? डॉक्टर चिमट्याने मागच्या बोटाचं हाड जोरात दाबतात. पाय झटकन आखडतो आणि घरचे ओरडतात, "कळलं, कळलं!" नाही कळलं. तो नुसता प्रतिक्षेप; पाय आखडायला मेंदू लागत नाही. कुत्र्याने मान वळवून पाहिलं, कण्हला, चावायला आला, तरच वेदना मेंदूपर्यंत गेली. चिकूने पहिल्या चिमट्याला काहीच केलं नाही. दुसऱ्याला डॉक्टरांच्या हाताला दात लावले. चावल्याबद्दल मी त्याला पहिल्यांदाच शाबासकी दिली.

त्या एका चाव्याचा अर्थ आकड्यांत सांगतो. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिनच्या तज्ज्ञांनी 2022 साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. वेदना कळत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहातली नऊहून अधिक कुत्री पुन्हा चालतात. वेदनाही गेली असेल तरी शंभरातली साठेक. शस्त्रक्रिया न केल्यास शंभरातली वीसेकच. याला संपलं म्हणतात का?

सुईला माझा सरसकट विरोध नाही. वेदना गेलेल्यांपैकी दहातल्या एखाद्यात मज्जारज्जू विरघळू लागतो, ती झीज वर सरकत जाते, श्वास बंद पडू लागतो. तिथे सुई हीच माया. पण तो निर्णय तपासणीनंतरचा, शेजाऱ्यांच्या चहानंतरचा नव्हे.

"चोवीस तास उलटले, आता उपयोग नाही," हेही खोटं. अशी पक्की लक्ष्मणरेषा अभ्यासांत सापडलेली नाही. म्हणून रेंगाळू मात्र नका; सकाळी लडखडणारं कुत्रं संध्याकाळी पूर्ण आडवं होऊ शकतं.

"एक्स-रे काढला, काही नाही निघालं." एक्स-रेत मज्जारज्जू दिसतच नाही, सीटी किंवा एमआरआय लागतो.

"सोफ्यावरून उडी मारली म्हणून झालं." उडी निमित्त. गाद्या लवकर टणक करणारा जनुकीय बदल 2017 मध्ये सापडला; आखूड पायांच्या अनेक जातींत तो जन्मापासूनच असतो.

"घरातली दुखण्याची गोळी दिली, उतरेल." आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र दिलं तर जठराला भोक पडू शकतं.

"लघवी होतेय की, गादी ओली आहे." ती बहुधा भरलेल्या मूत्राशयातून ओघळतेय. पोट दाबून मूत्राशय रिकामं करायला डॉक्टरांकडून शिका. दिवसातून तीन-चारदा करावं लागतं. पहिल्या आठवड्यात मला ते जमेना. मी रडायचो, चिकू माझ्या कोपराला चाटायचा.

"पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे छळ." शस्त्रक्रिया न करता विश्रांतीवर भिस्त ठेवणार असाल तर निदान चार आठवडे पिंजरा हेच औषध. शस्त्रक्रियेनंतरही दुसऱ्या दिवशी धावणार नाही. चिकू सोळाव्या दिवशी उभा राहिला, तीन सेकंद, आणि धप्पकन बसला.

इंदूरकरांनो, महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, 1955 पासून. तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: सीटी किंवा एमआरआय कुठे होईल आणि मणक्याची शस्त्रक्रिया कोण करतं? उत्तर मुंबई-पुण्याचं आलं तर गाडी काढा. कुत्र्याला काखेत हात घालून लटकवू नका. पाट किंवा इस्त्रीची फळी घ्या, त्यावर आडवं ठेवा, ओढणीने सैल बांधा आणि त्याच दिवशी निघा. तेलाची बाटली घरीच राहू द्या.