मोठ्या कार्डाची वर्गणी आणि घरचा हिशेब

खानापूर तालुक्यातील आमचे एक जुने स्नेही अलीकडे सपत्नीक आमच्याकडे आले होते. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले हे गृहस्थ गावात ‘मास्तर’ ह्याच नावाने ओळखले जातात. थोरला मुलगा कुवेतला नोकरीस आहे. धाकटी मुलगी मुंबईस दिली आहे. चहा घेता घेता त्यांनी खिशातून एक पाकीट काढले व त्यातील काळ्या रंगाचे चकचकीत कार्ड आमच्या हाती ठेवले. मुलाचे पैसे ज्या बँकेत येतात तेथील एका तरुणाने ते त्यांना मोठ्या अगत्याने देऊ केले होते. “सर, तुमच्यासारख्यांना साधे कार्ड शोभत नाही,” असेही तो म्हणाला होता. वर्षाची वर्गणी १०,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकंदर ११,८०० रुपये. मोबदल्यात विमानतळावरील लाउंजमध्ये विनामूल्य खाणेपिणे व विश्रांती, परदेशातील खर्चावर कमी अधिभार, विमान अपघाताचा विमा, एका बड्या हॉटेलचे ५,००० रुपयांचे कूपन आणि प्रत्येक खरेदीवर रिवॉर्ड पॉइंट.

“मुलगा म्हणतो, बाबा, ठेवा. ही म्हणते, परत करा. आता तुम्हीच काय ते सांगा,” मास्तर म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. परंतु एवढ्या पैशांत दोन्ही नातवंडांच्या वह्या-पुस्तकांचा व गणवेशांचा खर्च निघतो हे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट लिहिलेले होते.

हा प्रश्न आज केवळ मास्तरांचा राहिलेला नाही. ज्या घरातील मूल आखातात, जहाजावर किंवा दूरच्या शहरात आहे, त्या घराच्या दाराशी असे कार्ड आज ना उद्या येतेच. म्हणून त्या दिवशी मास्तरांबरोबर जो विचार आम्ही केला, तो वाचकांपुढेही मांडीत आहोत.

प्रथम ह्या वस्तूचे कूळ पाहू. १९५० साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी डायनर्स क्लब निघाला. त्याचे कार्ड दाखवून सभासदाने उपाहारगृहात जेवावे आणि महिन्याअखेर एकदम पैसे भरावे, अशी ती सोय होती. १९५८ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने स्वतःचे कार्ड काढले व त्याची वर्गणी ६ डॉलर ठेवली. डायनर्स क्लबपेक्षा मुद्दाम एक डॉलर अधिक, अशासाठी की आपले कार्ड वरच्या दर्जाचे दिसावे. लाउंजची कथाही अशीच आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने पहिला असा कक्ष उघडला, तेव्हा तेथे निमंत्रित पाहुण्यांनाच प्रवेश असे. म्हणजे ह्या धंद्याच्या मुळाशी सोयीइतकीच प्रतिष्ठाही विकावयास ठेवलेली होती. आपल्या भाषेत ‘पत’ हा शब्द कर्जालाही लागतो आणि अब्रूलाही. बँकेतील तरुणाने मास्तरांना देऊ केली ती पहिली पत. मास्तरांना क्षणभर वाटले, दुसरी मिळाली.

आता हिशेबाकडे वळू. बँक आपल्या पत्रकात प्रत्येक सवलतीपुढे तिची छापील किंमत लिहिते व खाली मोठी बेरीज मांडते. ही बेरीज बँकेची झाली, आपली नव्हे. आपल्या दृष्टीने सवलतीचे मोल एवढेच की, ती नसती तर त्या गोष्टीसाठी आपण स्वतःच्या खिशातून किती रुपये दिले असते. जे आपण कधीच विकत घेतले नसते, ते फुकट मिळाले तरी आपली बचत शून्यच होते.

एका जुन्या पाकिटाच्या मागील कोऱ्या बाजूवर आम्ही मास्तरांचा हिशेब मांडला. हे जोडपे वर्षातून एकदा मुलाकडे कुवेतला जाते व एकदा मुलीकडे मुंबईला. जातायेता मिळून प्रत्येकाचे चार प्रवास, दोघांचे आठ. बाईंच्या नावे दुसरे कार्ड विनामूल्य मिळेल व प्रत्येक विमानतळावर लाउंज असेल असे धरले, तरी लाउंजचे खाणे आठ वेळा. (पुष्कळ लहान विमानतळांवर लाउंज नसतेच, हे येथे सोडून दिले.) लाउंज नसते तर ह्यांनी विमानतळावर काय खर्च केला असता? बाई घरून चपाती-भाजी बांधून नेतात. तरीही माणशी ३०० रुपये धरू. आठ वेळचे २,४०० रुपये झाले.

परदेशात कार्ड वापरले की साध्या कार्डावर बहुधा ३.५ टक्के अधिभार पडतो व त्यावर जीएसटी. अशा मोठ्या कार्डावर तो २ टक्क्यांच्या आसपास असतो. कुवेतला ही दोघे मुलाच्याच घरी राहतात. तरी भेटवस्तू वगैरे मिळून ४०,००० रुपये खर्च धरला, तर दीड टक्क्याप्रमाणे ६०० रुपये व त्यावरील जीएसटी १०८, अशी ७०८ रुपयांची बचत होते. राहिले रिवॉर्ड पॉइंट. घरखर्च महिना २०,००० रुपये कार्डावर केला आणि साध्या कार्डाहून शेकडा एक रुपया अधिक परत मिळाला, तर वर्षाचे आणखी २,४०० रुपये.

हॉटेलचे कूपन? ज्या हॉटेलात एका रात्रीस १२,००० रुपये पडतात, तेथे ५,००० चे कूपन घेऊन जाणे म्हणजे ७,००० रुपये पदरचे घालणे होय. मास्तर मुंबईत मुलीच्या घरी उतरतात. कूपनाचे मोल शून्य. अपघाताचा विमा पुष्कळदा तिकीट त्याच कार्डावर काढले असेल तरच लागू होतो; येथे कुवेतची तिकिटे मुलगाच तिकडून काढतो. तेही शून्य.

बेरीज झाली ५,५०८ रुपये. वर्गणी ११,८००. म्हणजे वर्षाला ६,२९२ रुपयांची तूट, आणि तीही सगळ्या बाबी उदारपणे धरून. मास्तरांनी दोनदा आकडे तपासले. आयुष्यभर मुलांची गणिते तपासलेला माणूस तो.

परंतु हेच कार्ड सर्वांसाठी वाईट आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मास्तरांचे जावई कंपनीच्या कामासाठी दरमहा विमानाने जातात व येतात. वर्षाचे चोवीस प्रवास. दर वेळी ४०० रुपये वाचले, तर ९,६०० होतात. परदेशातील खर्च ४ लाख धरला, तर अधिभारात जीएसटीसह ७,०८० वाचतात. वर्षाची सगळी खरेदी ८ लाखांची असेल, तर शेकडा एक रुपयाप्रमाणे ८,००० परत येतात. एकूण २४,६८०. जेवणाचे पैसे कंपनी देत असेल तर ते ९,६०० वगळावे. तरीही १५,०८० उरतात. त्यांना ११,८०० रुपयांची वर्गणी परवडते, मात्र दर महिन्याचे पूर्ण बिल ते मुदतीत भरीत असतील तरच. तेव्हा कार्ड तेच, वर्गणी तीच, आणि एकाच कुटुंबात उत्तरे दोन.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. वर्गणी आपण आज देतो. सवलती मात्र बँकेच्या हाती असतात आणि त्या बदलतात. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्यास १ लाख रुपये खर्च केल्यास २५,००० पॉइंट मिळत असत. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले. त्याच वेळी वर्गणी १०,००० वरून १२,५०० झाली आणि वर्गणी माफ होण्यासाठी लागणारा वार्षिक खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर लाउंजसाठी मागील तिमाहीत ३५,००० रुपयांच्या खर्चाची अट घातली. एसबीआय कार्डने २०२५ साली काही कार्डांवरील विमान अपघाताचा विमा काढून घेतला.

अमेरिकेतही वारे त्याच दिशेने वाहत आहे. चेस बँकेचे सफायर रिझर्व्ह कार्ड २०१६ साली ४५० डॉलर वर्गणीने निघाले. २०२० मध्ये ती ५५० झाली व २०२५ मध्ये ७९५. अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डाची वर्गणी २०२१ मध्ये ६९५ झाली व २०२५ मध्ये ८९५ डॉलर. वर्गणी वाढली की सवलतींची यादीही लांबते. परंतु त्या कशा दिल्या जातात ते पाहावे. प्लॅटिनम कार्डावर उबर टॅक्सीसाठी वर्षाचे २०० डॉलर मिळतात, ते एकदम नव्हे. महिन्याला १५ आणि डिसेंबरात २० अधिक. एखाद्या महिन्यात टॅक्सी लागली नाही, तर ते १५ डॉलर बुडाले. पुष्कळांकडून काही महिने असे सुटतातच, आणि सुटलेले पैसे कार्ड देणाऱ्यापाशीच राहतात.

सर्वांत मोठा धोका मात्र वर्गणीत नाही, वर्गणी माफ करून घेण्याच्या हौसेत आहे. “वर्षाला ८ लाख खर्च करा, वर्गणी माफ,” असे तो तरुण मास्तरांना म्हणाला होता. ज्या घराचा कार्डावरील खर्च २ लाख ४० हजार, त्याने ११,८०० वाचविण्यासाठी ८ लाखांपर्यंत पोहोचावयाचे म्हणजे कौलाचा खर्च वाचविण्यासाठी नवे घर बांधण्यापैकी आहे. आणि बिल पूर्ण भरता आले नाही तर? व्याज अनेक कार्डांवर महिन्यास ३.५ टक्के, म्हणजे वर्षास ४२ टक्के असते. १ लाख रुपये थकले, तर महिन्याचे व्याज ३,५०० व त्यावर जीएसटी ६३०. तीन महिन्यांत १२,३९० रुपये जातात. सबंध वर्गणीहून अधिक. शिवाय थकबाकी असेतोवर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. बिलावर छापलेली ‘किमान रक्कम’ भरून विलंबाचा दंड टळतो, व्याज टळत नाही.

तेव्हा कार्ड घेण्यापूर्वी घरातील माणसांनी एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहाव्या. गेल्या वर्षी आपण प्रत्यक्षात किती वेळा विमानाने गेलो? पुढे जाऊ असे वाटते तो आकडा नव्हे, गेलो तो आकडा. ह्या सवलतींवाचून आपल्या खिशातून किती गेले असते? आणि दर महिन्याचे पूर्ण बिल आपण मुदतीत भरू शकतो काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिली दोन वाचण्याचे कारणच उरत नाही.

कार्ड घेऊन बसलेल्यांनीही घाबरू नये. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम घालून दिला की, ग्राहकाने कार्ड बंद करण्यास सांगितल्यावर, बाकी काही नसेल तर, सात कामकाजी दिवसांत ते बंद केले पाहिजे. न केल्यास ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. विनंती लेखी करावी व तिची पोच जपून ठेवावी.

विमानतळावर भूक लागली तर काय, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारने ‘उडान यात्री कॅफे’ सुरू केले. तेथे चहा १० रुपयांना व सामोसा २० रुपयांना ठेवण्यात आला. असे कॅफे नंतर आणखी काही विमानतळांवर निघाले आहेत. जेथे नाहीत, तेथे बाईंची चपाती-भाजी आहेच.

मास्तरांनी ते कार्ड अजून सुरू केलेले नव्हते. हिशेबाचे पाकीट त्यांनी घडी घालून खिशात ठेवले व काळे कार्ड बाईंच्या हाती दिले. “उद्या बँकेत जाऊ. अर्ज मी लिहितो, पोच तू सांभाळ,” ते म्हणाले. बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिले, पिशवीत टाकले आणि आम्हांस विचारले, “मुंबईला जावईबापूंना हाच कागद पाठवला तर चालेल ना? त्यांचा हिशेबही त्यावर आहे.”